शाळेच्या नावावर खाती: गूगल वर्कस्पेस घेतलं त्या वर्षाची हकीकत

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावी, पट चारशेच्या आत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आम्ही शाळेसाठी ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ सुरू केलं. म्हणजे शाळेचं स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव, ईमेलमध्ये ‘@’ नंतर येतं ते), त्यावर प्रत्येक शिक्षकाचं आणि मुलाचं खातं, आणि त्या खात्यांवरून डॉक्स (लेखन), शीट्स (तक्ते), क्लासरूम (वर्गाचं काम देणं-घेणं), मीट (व्हिडिओ बैठक). हे सगळं करताना माहिती मिळत होती ती तुकड्यातुकड्यांत आणि इंग्रजीत. आपल्याकडच्या शाळेचे प्रश्न, म्हणजे संस्थेचा ठराव, जनरल रजिस्टरमधली (प्रवेशाच्या नोंदवहीतली) नावं, ऊसतोडीला जाणारी घरं, त्यात कुठेच नव्हते. संगणकाचा वेगळा शिक्षक नसलेल्या शाळेत कुणी हे करायला बसलं, तर त्याच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून क्रमाने लिहिते.

कोरोनाच्या दोन वर्षांत आम्ही सगळे आपापल्या खासगी जीमेलवरून काम करायला शिकलो होतो. शाळा भरायला लागल्यावरही तीच सवय राहिली. निकालाची शीट एका सरांच्या खात्यात, स्कॉलरशिपची यादी दुसऱ्या मॅडमच्या, विज्ञान प्रदर्शनाचे फोटो माझ्या. ३१ मे २०२४ ला आमचे एक ज्येष्ठ सर निवृत्त झाले. त्यांनी सगळ्या फायली मनापासून, एकेक करून आमच्या स्वाधीन केल्या. पण शाळेची कितीतरी वर्षांची कागदपत्रं एका माणसाच्या १५ जीबीच्या खात्यात, त्याच्या नातवंडांच्या फोटोंशेजारी पडून होती, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. जूनच्या पहिल्या बैठकीत मुख्याध्यापक सर एवढंच म्हणाले, “करा. पण जे काय कराल ते शाळेच्या नावावर करा, माणसाच्या नावावर काही नको.” पुढे जिथे जिथे अडलं, तिथे हेच वाक्य उपयोगी पडलं.

मायक्रोसॉफ्टचीही शाळांसाठी मोफत योजना आहे, ३६५ ए१ नावाची. आमच्या सगळ्या शिक्षकांकडे आणि बहुतेक पालकांकडे अँड्रॉइड फोन आहेत आणि गूगलची ओळख आधीपासून होती, म्हणून आम्ही गूगल घेतलं. त्यातली ‘फंडामेंटल्स’ ही पायरी मान्यताप्राप्त शाळांना फुकट असते. अख्ख्या शाळेला मिळून १०० टेराबाइट जागा मिळते. खासगी खात्यावर तीन किंवा जास्त माणसांची मीट ६० मिनिटांत संपते, ती अट इथे नाही. खर्च येतो फक्त डोमेनचा.

डोमेनसाठी दोन वाटा होत्या. ‘.edu.in’ आणि ‘.ac.in’ ही शैक्षणिक डोमेनं फक्त अर्नेट इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतात आणि त्यासाठी मान्यतेचे कागद जोडून अर्ज करावा लागतो. साधं ‘.in’ कुणालाही लगेच मिळतं. शैक्षणिक डोमेनला वजन असतं हे खरं. पण आमच्या मान्यतेच्या मूळ आदेशाची स्वच्छ प्रत संस्थेच्या कार्यालयातून यायला किती वेळ लागेल याचा अंदाज येत नव्हता, म्हणून आम्ही ‘.in’वर थांबलो. ज्यांची फाईल तयार आहे त्यांनी अर्नेटचाच विचार करावा.

डोमेन किरकोळ किमतीचं असलं तरी अनुदानित शाळेत पैसे खर्चायचे तर ठराव लागतो. शालेय समितीची बैठक आषाढी झाल्यावर, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. तोवर वाट पाहण्यापलीकडे हातात काही नव्हतं. ठरावात चार गोष्टी आवर्जून लिहून घ्या: डोमेन शाळेच्या नावावर राहील, व्यवस्थापक म्हणून दोन शिक्षक नेमले आहेत (पदाने, नावाने नव्हे), नूतनीकरणाचा खर्च दरवर्षी शाळा करील, आणि मुलांची खाती पालकांच्या लेखी संमतीनंतरच उघडली जातील. आमच्या ठरावातला शेवटचा मुद्दा समितीवरच्या एका पालक सदस्यांनी सुचवला, आणि पुढे तोच सगळ्यात कामाचा ठरला.

शाळेकडे ऑनलाइन पैसे भरायला कार्ड नव्हतं. मी माझ्या कार्डावरून भरले, बिल शाळेच्या नावाने काढलं आणि व्हाउचरवर पैसे परत घेतले. पहिल्या वर्षाला करासह साडेपाचशेच्या घरात गेले. नूतनीकरणाचा दर जवळपास दुप्पट असतो. तो बारीक अक्षरात असतो, आधीच वाचून ठरावात लिहा. डोमेन घेताना मालक म्हणून शाळेचं नाव आणि शाळेचाच पत्ता द्या. संपर्काचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन कधी बंद पडलं, तर ते सुरू करायचं पत्रही त्याच बंद पेटीत जाईल.

२६ जुलैला संध्याकाळी मी गूगलच्या अर्जाला बसले. शाळेचा प्रकार, पत्ता, विद्यार्थी आणि कर्मचारी किती, संकेतस्थळ कोणतं, ही माहिती भरली की पहिलं काम येतं डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करण्याचं. या टप्प्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. प्रत्यक्षात करायचं ते इतकंच: गूगल एक लांबलचक ओळ देतं, ती उचलून डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये ‘डीएनएस’ या भागात (डोमेनच्या तांत्रिक नोंदी तिथे असतात) ‘टीएक्सटी’ प्रकारची नोंद करून चिकटवायची. नावाच्या रकान्यात ‘@’ लिहायचं. मग थांबायचं. सूचनांमध्ये दोन-तीन दिवसही लागू शकतात असं लिहिलेलं असतं, आमचं तासाभरात झालं. मेल चालू करायचा असेल तर ‘एमएक्स’ नोंदही तिथेच करायची. हिरवी खूण दिसली तेव्हा मी आणि आमचे गणिताचे सर शाळेत एकटेच होतो. शिपाई मामा कुलूप घेऊन दारात उभे होते, त्यांनाही ती खूण दाखवली.

यानंतरची पडताळणी वेगळी. डोमेन तुमचं आहे हे कळलं, पण तुम्ही खरोखर शाळा आहात का, हे गूगल तपासतं. त्याला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि तोवर मोजकीच खाती काढता येतात. आमच्या डोमेनवर तेव्हा काहीच नव्हतं, त्यामुळे कागद मागणारा मेल आला. मी मान्यतेचं पत्र, यूडायस क्रमांक दिसेल असा कागद (हा सरकारच्या शाळा-माहिती प्रणालीतला अकरा आकडी क्रमांक, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो) आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं इंग्रजी पत्र पाठवलं. शिवाय गूगल साइट्सवर एक पानी संकेतस्थळ करून टाकलं: शाळेचं नाव, स्थापनेचं वर्ष, इयत्ता, पत्ता, इमारतीचा फोटो. हे पान अर्जाच्या आधीच तयार ठेवा. मान्यतेचा मेल स्वातंत्र्यदिनानंतरच्या आठवड्यात आला.

आता प्रशासकाच्या पानावर आलो, आणि इथे घाई करायची नाही. मुलांना खाती देण्यापूर्वी आम्ही दोघा व्यवस्थापकांनी, म्हणजे मी आणि गणिताच्या सरांनी, पंधरवडाभर फक्त शिक्षकांच्या खात्यांवर सगळं वापरून पाहिलं. शिक्षक आणि विद्यार्थी असे दोन वेगळे गट (तिथे त्याला ‘ऑर्गनायझेशनल युनिट’ म्हणतात) पहिल्यांदा करा, कारण पुढची प्रत्येक परवानगी गटावर ठरते. शाळांच्या बाबतीत सगळेच वापरकर्ते अठराच्या आतले धरले जातात, त्यामुळे शिक्षकांच्या गटाला ‘१८ वर्षांवरील’ अशी खूण स्वतः करावी लागते. ती केली नाही तर शिक्षकांनाही यूट्यूबवर व्हिडिओ चढवता येत नाही. विद्यार्थ्यांच्या गटाला आम्ही जीमेल आणि चॅट बंद ठेवलं, फायली शाळेबाहेर कुणाला देता येणार नाहीत असं केलं. मुख्य प्रशासकाच्या दोन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावली. तिचे राखीव कोड छापून पाकिटात घालून मुख्याध्यापक सरांच्या कपाटात ठेवले.

मुलांची यादी करताना खरा वेळ गेला. खाती एकेक काढायची गरज नाही, सीएसव्ही फाईल (रकान्यांची साधी यादी, शीटमधून काढता येते) एकदम चढवता येते: नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड, गट. पण एकाच मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये एक, यूडायसवर इंग्रजीत दुसरं, आधारवर तिसरं. त्यात आमच्या भागात कन्नड घरातली नावं मराठीतून इंग्रजीत जाताना आणखी एक रूप घेतात. म्हणून आम्ही ईमेलमध्ये नाव ठेवलंच नाही. प्रवेशाचं वर्ष आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक, बस. तो क्रमांक शाळा सोडेपर्यंत बदलत नाही, दोन मुलांचा सारखा येत नाही आणि बाहेरच्याला त्यावरून काही कळत नाही. आधार किंवा जन्मतारीख ईमेलमध्येही नको आणि पासवर्डमध्येही नको. पाचवी ते सातवीच्या मुलांना ‘पहिल्यांदा उघडताना पासवर्ड बदला’ ही सक्ती काढून टाका. बदललेला पासवर्ड दुसऱ्या दिवशी कुणाच्याच लक्षात नसतो.

१४ सप्टेंबरला पालकसभा ठेवली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल, असं म्हटलं आहे. आम्ही एका पानाचं संमतीपत्र मराठीत काढलं: खातं कशासाठी, त्यात काय साठतं, कोण पाहू शकतं, बंद कसं करायचं. झेरॉक्सचा खर्च पाचशेच्याही आत. कागद समोर ठेवून नुसती सही मागितली नाही, प्रोजेक्टरवर एक रिकामं खातं उघडून दाखवलं. मागच्या बाकावरची एक आई उठून म्हणाली, “बाई, ह्यात पोरीचा नंबर आन् फोटू कुणा बाहेरच्याला दिसंल का?” मी तिथल्या तिथे शाळेबाहेरच्या फोनवरून ती फाईल उघडायचा प्रयत्न करून दाखवला. परवानगी नाही, असं पडद्यावर आलं. तिने तो पडदा स्वतः जवळ येऊन पाहिला, मग अंगठ्याचं पॅड मागितलं. त्या दिवशी सभेला आलेल्या बहुतेकांनी संमती दिली. ज्यांनी दिली नाही त्यांच्या मुलांना वर्गात कुठेही वेगळं वाटू नये म्हणून कागदावरचं काम तेवढ्याच मानाने चालू ठेवलं.

पहिला तास नववीचा घेतला. आयसीटी लॅबमधली (संगणक कक्षातली) सात यंत्रं चालू होती, म्हणून पाळीपाळीने सहा-सहांचे गट आणि प्रत्येक गटाला डॉक्समधली एक फाईल. विषय ‘आमच्या गावचं पाणी’. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून विहीर, बोअर, टँकर, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी, जे कळेल ते लिहायचं. क्लासरूम पहिल्यांदा उघडताना ‘मी विद्यार्थी’ की ‘मी शिक्षक’ असं विचारतं. दोघा-तिघांनी उत्साहाने शिक्षक निवडलं. प्रशासकाच्या मंजुरीशिवाय तो दर्जा मिळत नाही, त्यामुळे बिघडलं काही नाही, पण हे आधी फळ्यावर लिहून ठेवावं.

पडद्यावर सहा रंगांचे सहा कर्सर धावायला लागले आणि वर्गात एकच गलका झाला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या ओळीत जाऊन खोडत होता. एका गटात कुणीतरी सगळं निवडून पुसून टाकलं. त्या गटातल्या एका मुलीने तिच्या आजोबांकडून ऐकलेली ७२ च्या दुष्काळातली हकीकत सलग टाइप केली होती. विहीर सात परस खोल नेली, तरी तळाला खडक, असं काहीतरी त्यात होतं. ती एकदम गप्प झाली. मी प्रोजेक्टरवर त्यांची फाईल लावली आणि ‘आवृत्ती इतिहास’ उघडला. कुठल्या मिनिटाला कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, ते रंगांसकट उजवीकडे उलगडत गेलं. जुनी आवृत्ती परत आणली, तिची हकीकत जशीच्या तशी आली. पुसणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसत होतं, त्याला कुणी काही बोललं नाही. त्यानेच खाली टिप्पणी लिहिली: “परस म्हणजे किती फूट?” दुसऱ्या दिवशी तिने घरी विचारून उत्तर टाकलं. त्याच तासात नियम ठरला तो मुलांनीच ठरवला: दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही, काही सांगायचं असेल तर टिप्पणी करायची किंवा ‘सूचना’ पद्धतीने लिहायचं. एकत्र लिहिणं ही शिकवायची गोष्ट आहे, त्यासाठी दोन तास वेगळे काढा. साधन हातात दिल्याने ते आपोआप येत नाही.

टाइपिंगचा प्रश्न मुलांना फार पडला नाही. फोनवरच्या जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी बोलून लिहिता येतं, आणि गावची बोलीसुद्धा बरीचशी ओळखली जाते. अडचण आली ती आम्हा शिक्षकांना. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या टाइपांमध्ये होत्या. त्या डॉक्समध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण ते युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धती) नाही. त्या युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढून घ्याव्या लागल्या, आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागली. छपाईला डॉक्समध्ये ‘तिरो देवनागरी मराठी’ हा टाइप चांगला दिसतो, त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात.

शिक्षकांच्या कामात सगळ्यात मोठा फरक निकालपत्रकाने पडला. पूर्वी वर्गशिक्षकाचं निकालपत्रक स्टाफरूममध्ये हातोहात फिरायचं, एकाचे गुण भरून होईपर्यंत बाकीचे थांबलेले. आता प्रत्येक तुकडीची एक शीट. मराठीच्या मॅडमना मराठीचाच रकाना उघडा, बाकीचे संरक्षित. बेरीज आणि श्रेणी सूत्राने. प्रथम सत्राचा निकाल दिवाळीच्या सुट्टीआधी लागला, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीचं प्रशिक्षण आणि २० तारखेचं मतदान यांत निम्मे शिक्षक ड्यूटीवर असतानाही कुणाचं काम कुणासाठी अडून राहिलं नाही. पाठनियोजन, रजेच्या दिवशीचे बदली तास, पोषण आहाराचा साप्ताहिक साठा, हळूहळू तिथेच गेले. सही-शिक्क्याची मूळ रजिस्टरं अर्थात चालूच आहेत, तपासणीला तीच लागतात.

मतदानाच्याच सुमारास गाळप हंगाम सुरू झाला आणि दरवर्षीसारख्या टोळ्या निघाल्या. हंगामी वसतिगृहाची सोय असली तरी सगळी मुलं मागे राहत नाहीत, मोठ्या मुलींना तर धाकट्या भावंडांसाठी न्यावंच लागतं. आठवी-नववीची काही मुलं आईवडिलांबरोबर कोल्हापूरच्या बाजूला फडावर गेली. जाण्याआधी आम्ही त्यांच्या घरच्या फोनवर खातं उघडून दिलं आणि गटाची फाईल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवली. त्यामुळे रेंज नसताना लिहिलेलं, रेंज आल्यावर आपोआप जोडलं जातं. वडिलांचा फोन रात्री रिकामा होतो, म्हणून क्लासरूममध्ये कुठल्याही कामाला रात्री नऊची मुदत ठेवायची नाही, आठवडाभराची ठेवायची, असं ठरवलं.

डिसेंबरमध्ये त्यातल्या एका मुलीची भर ‘आमच्या गावचं पाणी’ या फाईलमध्ये दिसली. बोलून लिहिलेली होती, विरामचिन्हं नव्हती: “इथं पाटाला पाणी असतंय उसाला रोज असतंय आमाला कोपीवर ट्रॅक्टरच्या टाकीतनं येतंय.” तिच्या गटाने टिप्पण्यांत दोन दिवस चर्चा केली की हे ‘आपल्या’ गावचं पाणी आहे का. शेवटी त्यांनी अहवालात वेगळा भाग केला, ‘हंगामातलं पाणी’, आणि तिचं वाक्य बोलीसकट ठेवलं. सव्वाशे किलोमीटरवरच्या कोपीतून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतून, तिचं नाव त्या फाईलवर बाकी पाच नावांबरोबर होतं, आणि मार्चअखेर ती परत आली तेव्हा तिला गटात नव्याने घ्यावं लागलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा सगळा व्याप पुन्हा करीन.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. फडावर गेलेल्या काही मुलांकडून हंगामभर एकही ओळ आली नाही. रिचार्ज संपलेला, फोन मुकादमाकडे किंवा फोनच नाही. गावातल्याही काही घरांत स्मार्टफोन नाही. त्यांच्यासाठी लॅब मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास उघडी ठेवतो. शाळा सुटल्यावर थांबायचं म्हणजे एसटी चुकते, म्हणून मधली सुट्टीच जास्त उपयोगी पडते. ब्रॉडबँडचं महिन्याचं बिल सहाशेच्या आसपास येतं. वीज गेली की सगळंच थांबतं, त्यावर अजून उपाय केलेला नाही. इन्व्हर्टरचा प्रस्ताव समितीपुढे आहे.

जून २०२५ मध्ये दहावीची मुलं बाहेर पडली, तेव्हा त्यांच्या खात्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. शाळेच्या खात्यातलं साहित्य मुलाच्या खासगी खात्यात पाठवायची सोय आहे, ती प्रशासकाच्या पानावरून सुरू करावी लागते. निकालाची गुणपत्रिका न्यायला मुलं येतात त्याच दिवशी आम्ही लॅबमध्ये ती करून दिली. ऑगस्टअखेर ती खाती बंद करू असं दाखल्याबरोबर लेखी दिलं आहे. गणिताच्या सरांची पुढच्या वर्षी निवृत्ती आहे, म्हणून दुसरं व्यवस्थापकपद आताच इंग्रजीच्या नव्या मॅडमकडे दिलं आणि कपाटातल्या पाकिटात नवे कोड घातले. डोमेनचं नूतनीकरण जुलैत झालं. पाचवीची यादी तयार आहे, संमतीपत्रं येत आहेत. ती पूर्ण झाली की फाईल चढवायची.